मारू नये म्हणून दिलेले पैसे: तक्रार करावी का, आणि केली तर कुठे?

वर्धाकाठ

नमस्कार. हा प्रश्न थोडा लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

माझा भाचा तालुक्याच्या गावी एका कृषी केंद्रात हिशेबाचे काम करतो. दुकानाच्या गल्ल्यातून रक्कम गेल्याची तोंडी तक्रार मालकाने पोलिसांकडे केली आणि या आठवड्यातच भाच्याला ‘चौकशीसाठी जरा येऊन जा’ असा फोन आला. तो संध्याकाळी स्वतःच्या मोटारसायकलवरून गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आला. मधल्या काळात त्याला कोठडीत ठेवलेले नव्हते. ठाण्याच्या मागच्या बाजूला डीबी पथकाची, म्हणजे गुन्हे उघडकीस आणणाऱ्या पथकाची, खोली आहे, तिथे त्याला बसवून ठेवले आणि तळपायांवर पट्ट्याने मारले. रात्री उशिरा माझ्या भाऊजींना निरोप आला की साहेबांशी बोलून घ्या, नाहीतर सकाळी अटक दाखवून पीसीआर (पोलीस कोठडी) मागावा लागेल, आणि पीसीआरमध्ये काय होते ते तुम्हाला ठाऊकच आहे. भाऊजींनी रात्रीतून उसनवारी करून रक्कम उभी केली आणि सकाळी ठाण्यासमोरच्या चहाच्या टपरीवर एका शिपायाच्या हाती दिली. त्यानंतर भाच्याला सोडले. अटकेचा कागद नाही, नोटीस नाही, स्टेशन डायरीत नोंद आहे की नाही तेही माहीत नाही. सरकारी दफ्तराच्या दृष्टीने तो त्या रात्री तिथे नव्हताच.

ठाण्याचे आणि गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण भाच्याला त्याच गावात राहायचे आहे.

माझे दोन प्रश्न आहेत. पहिला सरळ आहे: आता तक्रार करण्यात अर्थ आहे का, आणि पैसे आम्हीच दिले असल्यामुळे आम्हीच अडकू का? दुसरा प्रश्न मला जास्त सतावतो. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निवाड्याला आता जवळजवळ तीस वर्षे होत आली. अटकेचे नियम त्यात इतके स्पष्ट लिहिले आहेत की ते ठाण्याच्या भिंतीवर फलक करून लावलेले असतात. आमच्या इथेही तो फलक आहे आणि भाचा त्याच्याखालूनच आत गेला. मग हे सगळे चालते कसे?

रेवती (जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली)

वर्धाकाठ, दुसऱ्या प्रश्नावर या धाग्यात पुष्कळ लिहिले जाईल. पहिला प्रश्न वेळेशी बांधलेला आहे, म्हणून आधी तो घेते.

भाच्याला आजच सरकारी रुग्णालयात न्या आणि एमएलसी (पोलीस प्रकरण म्हणून होणारी वैद्यकीय) नोंद करून घ्या. डॉक्टर ‘कसे लागले’ असे विचारतात तेव्हा बहुतेक लोक घाबरून ‘पडलो’ असे सांगतात आणि प्रकरण तिथेच संपते. पोलिसांनी मारले, कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कशाने, हे भाच्याने स्वतःच्या तोंडाने सांगावे आणि ते केसपेपरवर लिहिले गेले आहे याची खात्री करूनच बाहेर पडावे. तळपायांवरचे वळ काही दिवसांत उतरतात, तेव्हा तारखेसह छायाचित्रे काढून ठेवा. टपरीवर आणि ठाण्यात त्या वेळी कोण कोण होते ते आठवते तोवर लिहून काढा. फोनवरील कॉलची यादी पुसू नका, कारण ‘येऊन जा’ हा फोन आणि रात्रीचा निरोप हाच सध्या तुमच्या हातातील सर्वांत भक्कम पुरावा आहे.

पैशांबाबत तुमची भीती निराधार नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाल्यापासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. मात्र ज्याला लाच देणे भाग पाडले गेले त्याने सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला किंवा पोलिसांना कळवले, तर ते कलम त्याला लागू होत नाही. तुम्ही ‘या आठवड्यातच’ असे लिहिले आहे, म्हणजे मुदत अजून हातात असावी. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे, पण केवळ फोनवर थांबू नका. जिल्ह्याच्या ठिकाणी विभागाच्या कार्यालयात जाऊन लेखी द्या आणि पोच घ्या. पैसे देण्याआधी ही तक्रार झाली असती तर सापळा लावता आला असता. फिनॉल्फ्थॅलिनची पूड लावलेल्या नोटा, सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात गुलाबी होणारी बोटे, सोबत दोन सरकारी पंच, हा पुरावा न्यायालयात टिकतो. पैसे दिल्यानंतर लाचेची मागणी सिद्ध करणे अवघड जाते, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

मारहाणीसाठी वेगळी कलमे आहेत. कबुली मिळवण्यासाठी दुखापत करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. पूर्वी तो दंड संहितेच्या कलम ३३० मध्ये होता. पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार द्या. त्यांनी गुन्हा नोंदवला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडेही जाता येते, कारण प्रक्रिया न पाळता केलेली स्थानबद्धता, खंडणी आणि भ्रष्टाचार हे तिन्ही विषय त्याच्या कक्षेत येतात. मानवी हक्क आयोगाकडे जायचे असल्यास घटनेपासून एक वर्षाची मुदत आहे.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडे. उत्तर प्रदेशातील फत्तेपूर जिल्ह्यात १९६९ साली ब्रिजलाल नावाच्या शेतकऱ्यावर, जनावर दुसऱ्याच्या शेतात गेल्याची किरकोळ तक्रार होती. ती मिटवण्यासाठी पोलिसाने त्याच्याकडे शंभर रुपये मागितले. ब्रिजलालने पैसे दिले नाहीत आणि उलट पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार केली. काही दिवसांनी त्याला घरून उचलले. सकाळी ठाण्यात धडधाकट गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत मरणाच्या दारात होता. सत्र न्यायालयाने पोलिसांना सात वर्षांची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने त्यांना सोडले, आणि १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने शिक्षा पुन्हा कायम केली. कोठडीतील गुन्ह्यांत साक्षीदार पोलीसच असतात आणि ते सहकाऱ्याविरुद्ध बोलत नाहीत, म्हणून पुराव्याचे ओझे कोणावर असावे याचा कायद्याने फेरविचार करावा, असे त्या निकालात म्हटले आहे. विधी आयोगाने त्याच वर्षी ११३ व्या अहवालात शिफारस केली की कोठडीत झालेली इजा पोलिसांनीच केली असे न्यायालयाला गृहीत धरता यावे आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी पोलिसांवर असावी. पुरावा कायदा २०२३ साली नव्याने लिहिला गेला, तरी ते कलम त्यात आले नाही.

त्या खटल्यात लाच आणि मार ही दोन वेगळी प्रकरणे नव्हती, आणि तुमच्या भाच्याच्या बाबतीतही नाहीत. भाऊजींनी कशाचे पैसे दिले? न मारण्याचे. मार ठाऊक असल्याशिवाय त्या न मारण्याला किंमत येत नाही. आपल्याकडे ‘तो अधिकारी खातो, पण मारत नाही’ आणि ‘हा मारतो, पण पैशाला शिवत नाही’ अशी वर्गवारी करण्याची सवय आहे. माझ्या पक्षकारांच्या अनुभवात ती फारशी टिकत नाही, कारण पहिल्याची वसुली बऱ्याचदा दुसऱ्याच्या दहशतीवर चालते.

निवृत्त अंमलदार

वकील बाईंनी जे लिहिले त्यातील कायद्याचा भाग बरोबर आहे. मी पोलीस दलात शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो, त्यातली बरीच वर्षे डीबीत गेली. तेव्हा आतली बाजू सांगतो. यात समर्थन शोधू नये. जे चालते ते कसे चालते, एवढेच लिहितो आहे.

पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात पुरावा होत नाही. इंग्रजांनीच १८७२ च्या पुरावा कायद्यात ती सोय करून ठेवली, म्हणजे ज्यांनी हे दल उभे केले त्यांचाही आमच्या शब्दावर विश्वास नव्हता. पण त्याच कायद्यात कलम २७ होते, जे आता साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये गेले आहे. आरोपीने सांगितल्यावरून वस्तू सापडली, तर तेवढे सांगणे पुराव्यात येते. म्हणून सगळा जोर कबुलीपेक्षा मुद्देमालावर असतो. ‘मी लपवून ठेवलेला माल काढून देतो’ असे निवेदन, दोन पंच, जीप, आणि शेवटी विहिरीच्या कडेला किंवा सोनाराच्या दुकानात झालेली जप्ती, हे ज्याला जमते तो डीबीचा चांगला माणूस. दर महिन्याच्या क्राइम मीटिंगमध्ये अधीक्षक विचारतात ते एवढेच की घरफोड्या किती आणि उघड किती. कसे उघड केले, हे माझ्या नोकरीत मला एकाही मीटिंगमध्ये कोणी विचारले नाही.

सोनारांचा उल्लेख केला, कारण तिथे पैशाचा दुसरा मार्ग उघडतो. मार खाणारा माणूस सुटकेसाठी कोणत्याही सोनाराचे नाव घेतो. मग चोरीचा माल घेतल्याच्या कलमाची भीती घालून त्या सोनाराकडून सोने ‘जप्त’ होते, आणि त्याने खरोखर ते घेतले नव्हते तरी आरोपी होण्यापेक्षा सोने देणे त्याला परवडते. फिर्यादीला सोने मिळते, ठाण्याला उघडकीचा आकडा मिळतो, आणि मधल्यामध्ये काही तोळे कमी भरतात ते वेगळेच.

आता खर्चाचे. बेवारस प्रेत उचलायला गाडी, आरोपी शोधायला परजिल्ह्यात जाण्याचे डिझेल, पंचांचा चहा, कागद आणि शाई यांसाठी मिळणारी रक्कम पुरत नाही आणि बिले वेळेवर निघत नाहीत. त्यामुळे ‘ठाण्याच्या खर्चासाठी’ म्हणून वसुलीला एक माणूस नेमला जातो. एकदा तो नेमला की खर्च भागल्यावर तो थांबत नाही, कारण हव्या त्या ठाण्यात बदली होण्यासाठी वर मोजलेली रक्कमही त्यातूनच फिटायची असते. मी सगळ्यांबद्दल बोलत नाही. पगारावर जगणारे आणि आरोपीला स्वतःच्या डब्यातली भाकरी देणारे हवालदार मी पाहिले आहेत. पण वसुली करणाऱ्याला त्यांनी थांबवल्याचे मात्र पाहिलेले नाही, आणि त्यात मी स्वतःलाही धरतो.

कामाच्या तासांबद्दल लोकांना कल्पना नसते. ‘कॉमन कॉज’ आणि ‘लोकनीती’ यांच्या २०१९ च्या पाहणीत पोलिसांचे सरासरी काम दिवसाला १४ तास निघाले होते. सणाचा बंदोबस्त संपवून आलेल्या माणसाला रात्री संशयित समोर बसवून ‘सकाळपर्यंत उघड कर’ असे सांगितले, तर तो हातच वापरतो. बोटांचे ठसे, मोबाइलचा तांत्रिक तपशील, दुकानाच्या हिशेबाची तपासणी यांना दिवस लागतात आणि माणसे लागतात. कृषी केंद्राच्या प्रकरणात वह्या आणि बँकेचा उतारा मागवला असता, तर भाच्याला बोलावण्याचीही गरज कदाचित पडली नसती.

सरळ रेषा

वरील सर्वांबद्दल आदर ठेवून एक विचारतो. सराईत गुन्हेगार गोड बोलून माल काढून देतो का? ज्याच्या घरी दरोडा पडला आहे त्याने बँकेचे उतारे येण्याची वाट पाहत बसायचे का? बदलापूरच्या बालिका अत्याचार प्रकरणातील आरोपीचा सप्टेंबर २०२४ मध्ये पोलिसांच्या गोळीने मृत्यू झाला तेव्हा लोकांनी पेढे वाटले आणि ‘बदला पुरा’ असे फलक लागले. हे लोक वेडे नव्हते. न्यायालयात खटला पंधरा वर्षे चालतो, हे त्यांना ठाऊक आहे. या भाच्याच्या बाबतीत चूक झाली असेल, पण एका चुकीवरून पोलिसांचे हात बांधायचे हे मला पटत नाही.

पालावरची शाळा

सरळ रेषा यांना उत्तर देण्याऐवजी, हात मोकळे असतात तेव्हा ते प्रथम कोणावर पडतात, ते सांगते. मी पारधी मुलांसोबत काम करते. परिसरात कुठेही घरफोडी झाली की पहाटे पालावर गाडी येते. पुरुष सापडले नाहीत तर बायकांना नेतात, आणि ‘नवऱ्याला हजर कर, मग सोडतो’ असे सांगतात. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या होत्या. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवले जात असे, हजेरी घेतली जात असे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला आणि आम्ही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतो. मात्र ठाण्यातील संशयितांच्या याद्यांवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही.

पैशाचा व्यवहार इथे उसनवारीवर थांबत नाही. मी ज्या कुटुंबांना ओळखते त्यांच्यातील बहुतेकांच्या डोक्यावरचे कर्ज लग्नाचे किंवा आजारपणाचे नाही. ते ‘केसचे’ आहे, आणि केस म्हणजे खटला नव्हे, माणूस सोडवून आणण्यासाठी मध्यस्थाला दिलेली रक्कम. एका बाईने मला तिच्या शेळ्यांचा हिशेब सांगितला होता. कोणती शेळी कोणत्या वेळी, कोणाला सोडवायला विकली, हे तिला तोंडपाठ होते. त्यातल्या एकाही वेळचा कागद तिच्याकडे नव्हता.

‘सराईत’ हा शब्द अशा ठिकाणी वस्तीचे नाव ऐकूनच चिकटतो. वर्धाकाठ यांचा भाचा हिशेबनीस आहे, त्याच्या मामांना असा प्रश्न नेमकेपणाने लिहिता येतो आणि वकील उत्तर देतात. म्हणून त्याला ‘चूक’ म्हणण्याची तरी सवलत मिळाली.

जुनी कात्रणे

आकडे आणि प्रकरणे यांबद्दल मी लिहितो, कारण वृत्तपत्रात असताना हा विषय माझ्याकडे होता.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २००१ ते २०२० या वीस वर्षांत देशात पोलिसांच्या ताब्यात १,८८८ मृत्यूंची नोंद झाली. पोलिसांविरुद्ध ८९३ गुन्हे दाखल झाले, ३५८ पोलिसांवर आरोपपत्र गेले आणि शिक्षा झाली ती २६ जणांना. हे फक्त नोंदलेल्या मृत्यूंबद्दल आहे. ज्यात माणूस दुसऱ्या दिवशी लंगडत घरी येतो, त्या प्रकारांची मोजदाद कोणीच करत नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर तीन प्रकरणे सांगतो. घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणात अटक झालेला परभणीचा अभियंता ख्वाजा युनूस जानेवारी २००३ मध्ये पोलिसांच्या ताब्यातून नाहीसा झाला. पारनेरजवळ जीप दरीत कोसळली आणि तो पळून गेला, असे पोलिसांनी सांगितले. गुन्हे अन्वेषण विभागाच्या तपासात १४ पोलिसांची नावे आली, शासनाने खटल्याची मंजुरी दिली ती चौघांविरुद्ध. त्या चौघांपैकी सचिन वाझे २००४ मध्ये निलंबित झाले, जून २०२० मध्ये पुन्हा सेवेत आले आणि मार्च २०२१ मध्ये अंबानी यांच्या घराजवळ सापडलेल्या स्फोटकांच्या प्रकरणात त्यांना अटक झाली. त्यानंतर काही दिवसांतच मुंबईचे माजी पोलीस आयुक्त परमबीर सिंह यांनी मुख्यमंत्र्यांना लिहिलेल्या पत्रात, तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी वाझे यांना बार आणि इतर ठिकाणांहून महिन्याला १०० कोटी रुपये गोळा करण्यास सांगितल्याचा आरोप केला. देशमुख यांनी तो फेटाळला. हे सर्व आरोप आहेत आणि ते तसेच वाचावेत. मला रस आहे तो परतीच्या आदेशात. कोठडीतील मृत्यूच्या खटल्यातील आरोपीला आयुक्तालयात महत्त्वाची जागा देताना कोणाचाही हात अडखळला नाही. रेवती यांनी लाच आणि मार एकत्र असल्याचे लिहिले, ते तालुक्याच्या ठाण्यापुरते खरे आहे असे समजू नये.

दुसरे प्रकरण परभणीचेच. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली आणि त्यानंतरच्या हिंसाचारात अटक झालेल्या सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण नोंदले गेले. कोठडीतील मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्यांकडून चौकशी २००६ पासून बंधनकारक आहे आणि ती इथे झाली, पण चौकशीनंतर पुढे काय, याबद्दल कायदा मौन पाळतो. शेवटी आईच्या याचिकेवर औरंगाबाद खंडपीठाने जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. गुन्हा नोंदवून घेण्यासाठीच सात महिने आणि दोन न्यायालये लागली, आणि राज्य शासन त्या आदेशाविरुद्ध दिल्लीपर्यंत गेले.

तिसरे प्रकरण वर्धाकाठ यांच्या कामाचे आहे. ११ नोव्हेंबर २००६ रोजी दुपारी रामनारायण गुप्ता, म्हणजे लखनभैया, याला वाशीतून उचलले गेले आणि त्याच संध्याकाळी वर्सोव्यात तो चकमकीत मारला गेल्याचे पोलिसांनी जाहीर केले. त्याचा भाऊ वकील होता. उचलल्याचे कळताच कुटुंबाने त्या दुपारीच वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स पाठवले होते. चकमकीच्या घोषणेपूर्वीची वेळ त्यांवर छापलेली होती. पुढे एक महत्त्वाचा साक्षीदार साक्षीच्या तोंडावर नाहीसा झाला आणि त्याचा मृतदेह सापडला, तरीही २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना दोषी ठरवले. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने, सत्र न्यायालयातून निर्दोष सुटलेल्या प्रदीप शर्मा यांनाही जन्मठेप सुनावली, त्यावर सर्वोच्च न्यायालयात अपील झाले. अठरा वर्षांच्या त्या लढाईत अनेकांनी कष्ट केले आहेत, पण वेळ छापलेले ते कागद त्या दुपारी गेले नसते तर खटला उभाच राहिला नसता, असे माझे मत आहे.

छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली आणि त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. २०१० मध्ये लोकसभेने छळ प्रतिबंधक विधेयक मंजूर केले, राज्यसभेने ते प्रवर समितीकडे दिले आणि लोकसभेची मुदत संपल्यावर ते बारगळले. विधी आयोगाने २०१७ मध्ये नवा मसुदा दिला. याविषयी आणखी लिहिण्यासारखे काही घडलेलेच नाही.

वर्धाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. भाच्याला काल जिल्हा रुग्णालयात नेले आणि एमएलसी झाली. डॉक्टरांनी आधी ‘पोलिसांनी’ हा शब्द लिहायला कुरकुर केली, पण बहिणीने टेबल सोडले नाही. लाचलुचपत विभागात भाऊजींसह उद्या जाणार आहे. भाऊजींचा अजून विरोध आहे. त्यांचे म्हणणे असे की गल्ल्यातील रकमेचा गुन्हा अजून नोंदलेला नाही, तक्रार केली तर तो सूड म्हणून नोंदतील आणि मग खरोखरच अटक होईल. त्यांना काय सांगावे?

निवृत्त अंमलदार यांना एक विचारायचे होते. ठाण्यात कॅमेरे आहेत. त्यांत तो आत जाताना आणि बाहेर येताना दिसला असेल ना?

निवृत्त अंमलदार

दर्शनी दाराच्या कॅमेऱ्यात दिसला असेल. डीबीच्या खोलीत बहुधा कॅमेरा नसेल, आणि असला तर तो त्या रात्री ‘बंद’ असेल. म्हणून दाराचा भाग महत्त्वाचा. एक माणूस संध्याकाळी आत गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर आला, आणि स्टेशन डायरीत त्याचे नाव नाही, एवढे दिसले तरी उत्तर त्यांना द्यावे लागेल. त्याची मोटारसायकल रात्रभर आवारात उभी होती, तीही पाहा. समोरच्या दुकानांचे कॅमेरे विसरू नका, ते लवकर पुसले जातात.

रेवती

कॅमेऱ्यांबाबत परमवीर सिंह सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी सांगितले आहे की प्रत्येक ठाण्यात प्रवेशद्वार, कोठडी, मार्गिका आणि अधिकाऱ्यांच्या खोल्यांसह कॅमेरे हवेत, आवाजासह हवेत, आणि चित्रण शक्यतो १८ महिने व कोणत्याही परिस्थितीत किमान एक वर्ष जपले पाहिजे. पालन इतके ढिले आहे की सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाला स्वतःहून पुन्हा दखल घ्यावी लागली. माहिती अधिकारात अर्ज करा, पण तो नाकारला जाण्याचीच शक्यता अधिक आहे. म्हणून त्याआधी आजच पोलीस अधीक्षकांना ईमेल आणि नोंदणीकृत टपालाने एक छोटे पत्र पाठवा. त्यात भाच्याला आलेल्या फोनची वेळ, आत जाण्याची आणि बाहेर येण्याची अंदाजे वेळ आणि मोटारसायकलचा क्रमांक द्या, आणि या काळातील चित्रण जपून ठेवावे अशी मागणी करा. प्रत जिल्हा न्यायाधीशांना आणि तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांना द्या. उद्या चित्रण ‘तांत्रिक कारणाने उपलब्ध नाही’ असे उत्तर आले, तर ते मागणी मिळाल्यानंतर नाहीसे झाले, एवढे तरी सिद्ध होईल.

भाऊजींची भीती खरी आहे आणि सूडाचा गुन्हा नोंदला जातो, हे मी पाहिले आहे. त्यांना दोन गोष्टी सांगा. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, आधी हजर राहण्याची लेखी नोटीस द्यावी, हे अर्नेश कुमार निकालाने २०१४ मध्ये सांगितले आणि आता ते नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये आहे. यापुढे कोणीही फोनवर ‘येऊन जा’ म्हटले तर नोटीस पाठवा असे उत्तर द्यायचे आणि वकिलाशिवाय आत जायचे नाही. दुसरे म्हणजे आपण अटकपूर्व जामिनाचा अर्ज तयार ठेवू. तुमची तक्रार तारखेने आधीची आणि गुन्हा नंतरचा असेल, तर न्यायालय तो क्रम पाहते.

आणि तरीही अटक झालीच, तर भाच्याला आताच एक गोष्ट नीट समजावून ठेवा. रिमांडच्या वेळी न्यायाधीश विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ आरोपीला आणणारा शिपाई तेव्हा त्याच्या हाताच्या अंतरावर उभा असतो, आणि येताना गाडीत त्याला काय सांगितले गेले ते न्यायाधीशांना ठाऊक नसते. शंभरातले नव्वद जण खाली मान घालून ‘नाही’ म्हणतात, आणि ‘मारहाणीची तक्रार नाही’ हे वाक्य आदेशात जाऊन बसते. नंतर कोणत्याही न्यायालयात ते वाक्य सर्वांत आधी वाचले जाते. त्याने ‘आहे’ म्हणायचे, मोठ्याने म्हणायचे, आणि पाय दाखवायचे. मी त्या दिवशी न्यायालयात असेन. अधीक्षकांच्या पत्राचा मसुदा आज रात्री पाठवते, वेळा भरून सकाळी अकराच्या आत टपालात टाका.